पीएचपी बसवलं, पण कुठलं?

२ सप्टेंबरला, मंगळवारी, होस्टिंग कंपनीची मेल आली. ‘महत्त्वाची सूचना’ असा मथळा असलेल्या मेल मी एरवी न उघडताच काढून टाकते. ही उघडली हे नशीबच. सर्व्हरवरची पीएचपीची (साइटचा कोड ज्या भाषेत लिहिलाय तिची) ५.६ ही आवृत्ती ३० सप्टेंबरला बंद होणार आहे, आपला कोड नव्या आवृत्तीवर चालतो याची खात्री करून घ्यावी, साइट बंद पडल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही. चार ओळी. खाली कोणाचं नाव नाही.

माझी साइट शब्दकोड्यांची आहे. २०११ मध्ये माझ्या मावसभावाने सुट्टीत बसून तिचा कोड लिहून दिला, आणि तेव्हापासून मी दर आठवड्याला एक कोडं त्यावर चढवते. कोड वाचता येतो, इकडचं तिकडे करताही येतं. पण सर्व्हर म्हणजे फाइली नेऊन टाकायची जागा, एवढीच माझी समज. त्या जागेमागे कोणीतरी पीएचपी बसवलेलं असतं आणि तेही म्हातारं होतं, हे त्या मेलमुळे पहिल्यांदा जाणवलं.

तिकीट काढून, म्हणजे कंपनीकडे लेखी विनंती नोंदवून, मुदतवाढ मागितली. दोन दिवसांनी उत्तर आलं: तेच चार ओळींचं, फक्त वर ‘प्रिय ग्राहक’ वाढलेलं. चिडले. मग जरा शोधल्यावर कळलं, की ५.६ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं ३१ डिसेंबर २०१८ लाच थांबलंय. म्हणजे कंपनीने उलट जास्तच सांभाळून घेतलं होतं. जवळजवळ सात वर्षं मीच निवांत होते.

मावसभावाला फोन केला. तो आता दिवसभर सर्व्हरच सांभाळतो, त्यामुळे घरच्यांच्या अशा फोनना जरा वैतागलेला असतो.

“ताई, कोड तसाही मोडणारच आहे. कुठेही गेलीस तरी. मग स्वतःचा सर्व्हर का घेत नाहीस?”

“मला जमेल?”

“बिघडला तर पुसून पुन्हा करायचा. त्यात काय!”

हे ‘पुसून पुन्हा’ मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पुढच्या तीन आठवड्यांत सर्व्हर दोनदा पुसला, आणि दोन्ही वेळा हायसं वाटलं. तुम्हीही करणार असाल तर पहिल्या दिवसापासून एक साधी वही ठेवा आणि चाललेली प्रत्येक कमांड तिच्यात लिहा. पहिल्या खेपेला मला पाच तास लागले होते. वही होती म्हणून तिसऱ्या खेपेला पस्तीस मिनिटांत उरकलं.

खर्चाचं आधी सांगून टाकते, कारण मला तीच धास्ती होती. उबंटू (सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम, लिनक्सचा एक प्रकार), एंजिनएक्स (वेब सर्व्हर, म्हणजे ब्राउझरला पानं देणारा प्रोग्रॅम), पीएचपी, मायएसक्यूएल (डेटाबेस) आणि सर्टिफिकेट (सुरक्षित जोडणीसाठीचं), यांतल्या कशालाच पैसे पडत नाहीत. भाडं फक्त सर्व्हरचं. १ जीबी मेमरीचा सगळ्यात छोटा घेतला. तो जुन्या होस्टिंगपेक्षा किंचित महाग पडतो. एक महिना दोन्ही भाडी भरली. तेवढी तयारी ठेवा. जुनं घर सोडून मग नवं शोधायला निघालात तर हाल होतात.

शनिवार, ६ सप्टेंबर. उबंटू २४.०४ निवडलं. कारण साधं आहे: त्याला २०२९ पर्यंत नेहमीचा पाठिंबा आहे आणि त्याच्या स्वतःच्या भांडारातच (सॉफ्टवेअरच्या तयार पॅकेजांच्या साठ्यात) पीएचपी ८.३ आहे. उबंटू २२.०४ मध्ये ८.१ येतं, डेबियन १२ मध्ये (डेबियन म्हणजे उबंटू ज्यावरून बनलं ती सिस्टिम) ८.२. याहून नवीन किंवा जुनं हवंच असेल तर ऑंद्रेज सुरी यांचं वेगळं भांडार आहे. डेबियनची पीएचपी पॅकेजं सांभाळणारे हेच गृहस्थ, आणि निम्मं जग त्यांच्या पॅकेजांवर चालत असावं असं मला आता वाटतं. पण पहिल्यांदा करणाऱ्याने उबंटू देईल तेच मुकाट्याने घ्यावं. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येत राहतात, त्यांची आठवण ठेवावी लागत नाही.

लॉगिन झालं. काळा पडदा, लुकलुकणारा कर्सर. पहिली कमांड ‘सुडो एपीटी अपडेट’ (एपीटी म्हणजे उबंटूचं पॅकेजं बसवणारं अवजार; कमांड इथे बोलल्यासारख्या लिहितेय, टाइप करताना अर्थात इंग्रजी छोटी अक्षरं) आणि पहिलाच नकार: लॉक मिळत नाही, दुसरी कुठली तरी प्रक्रिया वापरतेय. माझ्या आधीच कोणी घुसलंय की काय! तसं काही नव्हतं. नवा उबंटू सुरू झाल्या झाल्या स्वतःहून दुरुस्त्या उतरवत बसतो, तेवढा वेळ एपीटी अडलेलं असतं. दहा मिनिटांत मोकळं झालं. लॉकची फाइल पुसून टाका असा सल्ला मिळाला तर ऐकू नका. थांबा.

एंजिनएक्स बसवलं, ब्राउझरमध्ये त्याचं स्वागताचं पान दिसलं. फारच छाती फुगली. त्याच भरात ‘सुडो एपीटी इन्स्टॉल पीएचपी’ टाकलं, येणाऱ्या पॅकेजांची यादी न वाचता ‘वाय’ दाबलं, पडद्यावरून पुष्कळ ओळी पळाल्या. त्यांत कुठेतरी ‘फेल्ड’ असा शब्द दिसल्यासारखा वाटला. पण शेवटी कर्सर परत आला, ‘पीएचपी डॅश व्ही’ केल्यावर ८.३ असं उत्तर मिळालं. झालं की! मी लॅपटॉप मिटून झोपले.

सोमवारी सर्व्हर रीस्टार्ट केला आणि ब्राउझरमध्ये अपाचेचं, म्हणजे एंजिनएक्ससारख्याच दुसऱ्या वेब सर्व्हरचं, पान आलं. ‘इट वर्क्स’ असं मोठ्या अक्षरांत. मी अपाचे बसवलंच नव्हतं.

मावसभावाला पडद्याचा फोटो पाठवला. उत्तरात एकच ओळ: “हे कोण बोलतंय, ते आधी बघ.”

नुसतं ‘पीएचपी’ नावाचं पॅकेज मागितलं, की उबंटू विचार करतं: हे वेबसाठी हवंय, म्हणजे कोणत्या तरी वेब सर्व्हरला जोडायला हवं. तुम्ही काही सांगितलं नाही तर ते अपाचेचं मोड्यूल निवडतं आणि मोड्यूलपाठोपाठ अख्खं अपाचे घरात घेतं. शनिवारी ८० नंबरच्या पोर्टवर (वेबची पानं मागायच्या दारावर) एंजिनएक्स आधीच बसलेलं होतं, म्हणून अपाचेला सुरू होता आलं नाही. तेच ते ‘फेल्ड’. रीस्टार्टनंतर अपाचे आधी उठलं आणि खुर्ची त्याने धरली. एंजिनएक्स बिचारं ‘पत्ता आधीच वापरात आहे’ एवढं लॉगमध्ये, म्हणजे आपल्या नोंदवहीत, लिहून गप्प.

एंजिनएक्स वापरणार असाल तर पॅकेजचं नाव ‘पीएचपी ८.३ एफपीएम’. हे एकदा पाठ करा. अपाचेत पीएचपी त्याच्या पोटात राहू शकतं. एंजिनएक्सच्या पोटात ती सोयच नाही. एफपीएम ही वेगळी सेवा शेजारी चालू असते आणि एंजिनएक्स तिच्याकडे काम सोपवतं. दोघांमधली खिडकी म्हणजे सॉकेट नावाची एक फाइल. माझे पुढचे सगळे घोळ या एका खिडकीभोवती झाले.

अपाचे उपटत बसण्यापेक्षा सर्व्हर पुसला. खेप दुसरी.

आता एफपीएम बसलं. एका ओळीची चाचणीची फाइल केली, जिच्यात फक्त ‘पीएचपी इन्फो’ हे फंक्शन होतं, आणि ती उघडली. ब्राउझरने ती चक्क डाउनलोड केली! एंजिनएक्सला कोणी सांगितलंच नव्हतं, की पीएचपीची फाइल चालवायची असते. त्याच्या लेखी ती एक अनोळखी फाइल, मागणाऱ्याच्या हाती देऊन मोकळं. त्याच्या सेटिंगमध्ये पीएचपीसाठीचा भाग आधीपासून लिहिलेला असतो, पण कॉमेंट करून ठेवलेला. तो मी एका जुन्या मार्गदर्शिकेत बघून पूर्ण केला. ‘एंजिनएक्स डॅश टी’ने तपासलं, सगळं ठीक. उघडलं: ५०२, बॅड गेटवे.

या ५०२ ने माझी मंगळवारची संध्याकाळ खाल्ली. सेटिंग ठीक आहे असं यंत्र स्वतः सांगतंय, मग पान का येत नाही? शेवटी लॉग उघडला. ‘व्हार’मध्ये ‘लॉग’, त्यात एंजिनएक्सचं फोल्डर, त्यात ‘एरर डॉट लॉग’. शेवटच्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं, की पीएचपी ८.१ एफपीएमच्या सॉकेटशी जोडता आलं नाही, अशी फाइल नाही. ८.१! मार्गदर्शिका ८.१ च्या काळातली होती, माझ्या सर्व्हरवर ८.३. एका आकड्यासाठी तीन तास. ती तपासणी फक्त व्याकरण बघते, खिडकी खरोखर त्या जागी आहे का हे बघत नाही.

आकडा बदलला, एंजिनएक्स रीलोड केलं. आणि ते जांभळट-निळ्या पट्ट्यांचं लांबलचक पान उघडलं. पीएचपी व्हर्जन ८.३. मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारून आले.

(ते पान बघून झालं की फाइल पुसा. सर्व्हरची अख्खी कुंडली त्यात असते. मी पुसली नाही, आणि कारण पुढे येईल.)

शनिवार, १३ सप्टेंबर. आता माझ्या साइटचा कोड चढवायचा. ४३ फाइली. पहिलं पान उघडलं तर जवळजवळ कोरं, वर डाव्या कोपऱ्यात कोडचे दोन-चार तुकडे. पानाचा सोर्स उघडून बघितला आणि पोटात गोळा आला. अख्खा कोड तिथे उघडा पडला होता. दहाव्या ओळीत डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड.

२०११ मध्ये भावाने प्रत्येक फाइलची सुरुवात आखूड टॅगने केली होती: कोनी कंस, प्रश्नचिन्ह, बस्स. पुढे ‘पीएचपी’ ही अक्षरं नाहीत. जुन्या होस्टिंगवर आखूड टॅग चालू होता. उबंटूच्या पीएचपीत तो बंद असतो. त्यामुळे पीएचपीला वाटलं, हा कोड नाहीच, साधा मजकूर आहे, आणि त्याने तो जसाच्या तसा बाहेर पाठवला. ब्राउझर असल्या टॅगला कॉमेंट समजून थोडा भाग गिळतो, म्हणून पान कोरं दिसतं आणि माणूस गाफील राहतो. पान कोरं आलं तर आधी सोर्स बघा.

हा पत्ता अजून कोणाला माहीतच नाही, असं म्हणून मी मनाची समजूत काढली. मग एंजिनएक्सचा ॲक्सेस लॉग बघितला. कुठकुठल्या पत्त्यांवरून यंत्रं येऊन वर्डप्रेसचं लॉगिनचं पान आहे का, सेटिंगची फाइल आहे का, असं दार ठोठावून गेली होती. माझ्याकडे वर्डप्रेस नाही, पण त्यांना काय त्याचं. पासवर्ड लगेच बदलला. आखूड टॅग चालू करायची सेटिंग आहे, ती मी मुद्दाम वापरली नाही. सगळ्या ४३ फाइलींत पूर्ण टॅग टाकला. उद्या सर्व्हर बदलला तर पुन्हा हाच तमाशा नको.

त्यानंतर एरर येऊ लागल्या, आणि खरं सांगते, बरं वाटलं. एरर म्हणजे निदान पीएचपी बोलतंय. ब्राउझरमध्ये नुसता ५०० दिसतो, कारण चुका जगाला दाखवायच्या नाहीत अशी सेटिंग असते. ती तशीच राहू द्या. चुका एंजिनएक्सच्याच एरर लॉगमध्ये ‘पीएचपी मेसेज’ हे शब्द असलेल्या ओळींत येतात. एका खिडकीत ‘टेल डॅश एफ’ लावून लॉग वाहता ठेवायचा, दुसरीत फाइल दुरुस्त करायची. रविवारचा दिवस असाच गेला.

काय काय मोडलं? मायएसक्यूएलने सुरू होणारी सगळी जुनी फंक्शनं. ती २०१५ च्या डिसेंबरात पीएचपी ७.० आलं तेव्हाच काढून टाकली गेली. त्यांच्या जागी पीडीओ, डेटाबेसशी बोलायची पीएचपीची दुसरी पद्धत. ‘स्प्लिट’ही त्याच वेळी गेलं, त्याचं ‘एक्स्प्लोड’ केलं. ‘ईच’ ८.० मध्ये गेलं, त्याचं ‘फॉरईच’. हे कष्टाचं होतं, अवघड नव्हतं. ‘पीएचपी डॅश एल’ने फाइली तपासून काढलेली फंक्शनं सापडतील अशी माझी आशा होती, नाही सापडत, तेही फक्त व्याकरण बघतं. त्यापेक्षा ‘ग्रेप’ या शोधायच्या कमांडने जुनी नावं हुडकून यादी करा.

यांत न ओरडता मोडलेली एकच गोष्ट निघाली. कोडं उघडलं तर जाळी दिसत होती, संकेत दिसत होते, लॉगही शांत. पण काळं घर एकही नाही! सगळी जाळी पांढरीशुभ्र. आमच्या डेटाबेसात पांढऱ्या घरासाठी १ आणि काळ्यासाठी रिकामी जागा ठेवलेली आहे, आणि कोड विचारतो: हे शून्याच्या बरोबर आहे का? असेल तर काळं रंगव. पीएचपी ७ पर्यंत रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) आणि शून्य दोन बरोबर-चिन्हांच्या तुलनेत सारखे ठरायचे. ८.० पासून नाहीत. चौदा वर्षं चाललेली ओळ, एकही चूक न दाखवता, उलटं बोलायला लागली. ही दुरुस्ती अर्ध्या मिनिटाची, सापडायला दीड दिवस. जुना कोड ८ वर नेणार असाल तर शून्याशी केलेल्या सगळ्या तुलना आधी डोळ्यांखालून घाला. एरर यायची वाट बघू नका.

मग आलं अक्षरांचं प्रकरण. कोड्यांच्या यादीत प्रत्येक संकेताची पहिली साठ अक्षरं दाखवायची असतात. तिथे फेटल एरर: ‘एमबी सबस्ट्र’ नावाचं फंक्शन अस्तित्वात नाही. मी हुशारी केली, पुढचं ‘एमबी’ काढून टाकलं. एरर गेली. यादीत मात्र बऱ्याच ओळींच्या शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह आलं.

“ताई, फंक्शन बदलू नकोस, एक्स्टेंशन बसव.”

उबंटूवर पीएचपीचे पुष्कळसे भाग सुटे मिळतात. ‘पीएचपी ८.३ एमबीस्ट्रिंग’, ‘पीएचपी ८.३ इंटल’, ‘पीएचपी ८.३ मायएसक्यूएल’ ही वेगळी पॅकेजं मागावी लागतात. मराठी साइट असेल तर पहिली दोन पहिल्याच दिवशी बसवा. का, ते एका शब्दात दाखवते. ‘मराठी’ हा शब्द घ्या. ‘स्ट्रलेन’ त्याची लांबी १५ सांगतं, कारण ते बाइट मोजतं आणि यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. ‘एमबी स्ट्रलेन’ ५ सांगतं: म, र, काना, ठ, वेलांटी. आणि इंटलमधलं ‘ग्राफीम स्ट्रलेन’ सांगतं ३. म, रा, ठी. तिसरीतलं मूल जे सांगेल ते! मी बिनएमबीच्या फंक्शनने साठावर कापत होते, तेव्हा सुरी बाइटांवर चालत होती आणि मधली एखादी मोकळी जागा आली की हिशोब चुकून अक्षराच्या मधोमध बसत होती.

पीएचपी आजही मुळात बाइटच मोजतं, यामागे एक फसलेला बेत आहे. पीएचपी ६ मध्ये युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची सामाईक अक्षरपद्धत) भाषेच्या गाभ्यातच आणायचं ठरलं होतं. ते काम इतकं जड झालं, की २०१० मध्ये सोडून द्यावं लागलं, आणि ५ नंतर थेट ७ आलं. ६ कधी निघालंच नाही. रास्मुस लेर्डॉर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या पानासाठी लिहिलेल्या अवजारांतून वाढलेली ही भाषा. १९९५ मध्ये ती त्यांनी जाहीर केली तेव्हा नावच ‘पर्सनल होम पेज टूल्स’ होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर वेलांट्या नसणार, हे आपण समजून घेऊ.

३ हा आकडा बघून मी हुरळले. चौदा वर्षं मी उत्तरं ‘म-रा-ठी’ अशी आडव्या रेघा देऊन टाइप करते, घरं मोजता यावीत म्हणून. आता रेघा गेल्या! मग ‘शब्द’ टाकून बघायचं ठरवलं आणि भावाने थांबवलं. कोड्यात ‘शब्द’ला दोन घरं लागतात, श आणि ब्द. पण देवनागरी जोडाक्षर एकत्र धरायचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. म्हणजे मोजणी मशीनवरची लायब्ररी किती जुनी यावर अवलंबून. आज दोन, उद्या दुसऱ्या सर्व्हरवर तीन. रेघा ठेवल्या.

शनिवार, २० सप्टेंबर. आता शेवटचं काम उरलं होतं: हाताने काढलेल्या जाळ्यांचे फोटो चढवायची सोय. फोटो ३ एमबीच्या आसपास. चढवला: ४१३, म्हणजे फाइल फार मोठी. हे कोण बोलतंय? आकड्याखाली बारीक अक्षरांत एंजिनएक्सचं नाव. त्याची मर्यादा मुळात १ एमबीची. ‘क्लायंट मॅक्स बॉडी साइझ’ १० केली. पुन्हा चढवला. आता माझाच कोड म्हणतोय, फाइल मिळाली नाही. म्हणजे एंजिनएक्स ओलांडलं, आता पीएचपी अडवतंय. एका फाइलसाठी त्याची मर्यादा २ एमबी, एकूण पाठवणीसाठी ८.

सेटिंगची फाइल कुठे आहे हे पीएचपीलाच विचारलं, ‘पीएचपी डॅश डॅश आयएनआय’. त्याने पत्ता दिला, मी तिथे जाऊन २ चे ८ केले, एफपीएम रीस्टार्ट केलं. फरक शून्य. टर्मिनलवर विचारलं तर ८ सांगतंय. साइटवर २ चीच मर्यादा. सर्व्हर रीस्टार्ट केला. फरक शून्य. फाइलीत टायपिंगची चूक असेल म्हणून तीच ओळ चार वेळा पुन्हा लिहिली.

मग ती न पुसलेली चाचणीची फाइल ब्राउझरमध्ये उघडली. वरून सातव्या-आठव्या रांगेत ‘लोडेड कॉन्फिगरेशन फाइल’, आणि पत्त्यात मधलं फोल्डर वेगळं: टर्मिनलने सांगितलेल्या पत्त्यात ‘सीएलआय’ होतं, इथे ‘एफपीएम’. माझ्या सर्व्हरवर पीएचपी दोन होती. एक टर्मिनलशी बोलणारं, एक वेबशी बोलणारं. आवृत्ती एकच, सेटिंगच्या फाइली दोन. मी तासभर एकाला समजावत होते आणि अडवत होतं दुसरं. योग्य फाइलीत दुरुस्ती केली, एफपीएम रीस्टार्ट केलं, फोटो चढला. आणि मग ती चाचणीची फाइल पुसली.

हीच गोष्ट क्रॉनलाही लागू. दर आठवड्याचं कोडं ठरल्या वेळी प्रकाशित करणारी स्क्रिप्ट क्रॉन चालवतो, आणि तो टर्मिनलवालं पीएचपी वापरतो. पहिलं कोडं भलत्याच वेळी निघालं. दोन्ही फाइलींत ‘डेट डॉट टाइमझोन’ लिहा. न लिहिल्यास पीएचपी यूटीसी (भारतापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ) धरू शकतं.

मेमरीबाबत एक चूक केली, ती थोडक्यात. लॉगमध्ये इशारा आला, की एफपीएमच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रियांची ५ ची मर्यादा गाठली आहे, वाढवायचा विचार करा. मी उदार होऊन ५० केली. १ जीबीत ५० मावत नाहीत. गर्दी झाल्यावर लिनक्सने मेमरी मोकळी करायला सगळ्यात जाड्या प्रक्रियेचा बळी घेतला, तो होता मायएसक्यूएल. एक प्रक्रिया किती मेमरी घेते ते बघून भागाकार केला, ८ वर आणलं, थोडा स्वॅप (मेमरी कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) जोडला. त्याआधी सर्व्हर इतका अडकला होता, की पुसूनच टाकला. खेप तिसरी, वही समोर.

स्थलांतर शनिवारी, २७ ला. दोन दिवस आधी डीएनएसचा (साइटचं नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं ते सांगणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे ती नोंद किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत, ८६४०० सेकंदांवरून ३०० वर आणून ठेवला होता, म्हणजे पत्ता बदलल्यावर वाचकांना दिवसभर जुना सर्व्हर दिसणार नाही. सकाळी जुन्या साइटवर ‘काम चालू आहे’चा फलक, डेटाबेसची शेवटची प्रत इकडे, मग पत्ता बदलला. वीस मिनिटांत लॉगमध्ये खरे वाचक दिसू लागले. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट सर्टिफिकेट सर्टबॉट नावाच्या प्रोग्रॅमने दोन मिनिटांत काढून दिलं. ते ९० दिवसांचं असतं, पण सर्टबॉट स्वतःच नवं करत राहतो. फायरवॉल चालू करताना मात्र आधी एसएसएचला (सर्व्हरवर लॉगिन व्हायच्या वाटेला) परवानगी द्या, नाही तर स्वतःच्याच घराबाहेर कुलूप लागतं. ही चूक मी केली नाही, कारण भावाने फोन धरून ठेवला होता.

संध्याकाळी एका जुन्या वाचकाची मेल आली. साइट नवीन झाली का, असं नव्हे. ७ उभ्याचा संकेत चुकलाय, असं.

१ ऑक्टोबरला जुन्या कंपनीचीही मेल आली. आपलं खातं पीएचपी ८ वर यशस्वीरीत्या हलवण्यात आलं आहे, सहकार्याबद्दल धन्यवाद. तिथली जुनी प्रत मी विसरूनच गेले होते. कंपनीने खात्याला दिलेल्या तात्पुरत्या पत्त्यावर ती अजून उघडत होती. पान जवळजवळ कोरं, डाव्या कोपऱ्यात कोडचे दोन-चार तुकडे. सोर्स उघडायची गरजच नव्हती. ४३ च्या ४३ फाइली पुसल्या, डेटाबेस पुसला, आणि खातं बंद करायचं तिकीट काढलं.